ड्रायव्हरच्या एममॅपमधला बग: कुठे शोधायचा, कसा काढायचा

डिव्हाइसची रजिस्टरं किंवा एखादा बफर थेट प्रोग्रामच्या हाती द्यायचा असला की लिनक्स ड्रायव्हरमध्ये एममॅपचं, म्हणजे ती मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांत जोडून देणारं, फंक्शन लिहावं लागतं. ते असतं वीस-पंचवीस ओळींचं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ड्रायव्हरमधून उचललेलं. घोळ तिथेच सुरू होतो. रीड-राइटमध्ये दर खेपेला कर्नल मध्ये उभा असतो. एममॅपमध्ये तो एकदाच पेज टेबल (प्रोग्रामचा कुठला पत्ता कुठल्या भौतिक मेमरीवर जातो त्याचा तक्ता) भरतो आणि बाजूला होतो. त्यानंतर प्रोग्राम त्या पत्त्यावर काय करतो हे बघायला कोणी नसतं. त्यामुळे सगळी तपासणी त्या एका कॉलमध्ये उरकावी लागते, आणि तिथे चूक झाली तर तिची खूण भलत्याच ठिकाणी उमटते.

साधा कॅरॅक्टर ड्रायव्हर लिहिलाय पण एममॅपच्या वाटेला पहिल्यांदाच जाताय, असं गृहीत धरून पुढचं लिहिलं आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. अंडरस्कोर मूळ जागीच ठेवलेत, त्यामुळे सोर्समध्ये नावं सापडायला अडचण येऊ नये.

हाताशी काय हवं

- ज्या कर्नलवर बग दिसतो त्याचा नेमका सोर्स आणि कॉन्फिग फाइल. एममॅपशी संबंधित फंक्शनं आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे "साधारण तोच" कर्नल चालत नाही.
- क्यूईएमयू, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं आभासी मशीन. कामाच्या मशीनवर हे प्रयोग करू नका. चुकीचं मॅपिंग डिस्कच्या कॅशवरही लिहू शकतं. क्यूईएमयूत "एडू" नावाचं शिकाऊ पीसीआय डिव्हाइस आहे, १ एमबी रजिस्टर-जागेचं. सरावाला तेच घ्या.
- कर्नल बांधताना हे पर्याय चालू: केएसॅन (कर्नलच्या मेमरी-वापरातल्या चुका पकडणारा), डीबग_व्हीएम, डीबग_व्हर्च्युअल, पेज_पॉयझनिंग, प्रूव्ह_लॉकिंग आणि डीबग_इन्फो. बूट ओळीत पेज_पॉयझन=१ घालायला विसरू नका, नाहीतर पॉयझनिंग नुसतं बांधलेलं राहतं, चालत नाही.
- डिव्हाइसची डेटाशीट, निदान कुठलं रजिस्टर किती बाइटांनी वाचायचं एवढा भाग.
- सी मध्ये लिहिलेला पन्नास ओळींचा चाचणी प्रोग्राम. मोठ्या ॲप्लिकेशनमधून बग पकडायला जाऊ नका.

१. आधी लक्षण नीट ओळखा

"एममॅप चालत नाही" या तक्रारीत निदान सहा वेगळे आजार दडलेले असतात.

एममॅपचा कॉलच फसला आणि ईआयएनव्हीएएल (चुकीचा पॅरामीटर) आलं, तर हद्दीची किंवा शेअर्ड-प्रायव्हेटची तपासणी आड आली आहे. कॉल यशस्वी, पण वाचलं की सगळीकडे एफएफ: पीसीआयवर बहुधा डिव्हाइस उत्तरच देत नाहीये. एलएसपीसीआय दोन व्ही लावून चालवा आणि कंट्रोलच्या ओळीत "मेम" पुढे वजा आहे का बघा. वजा असेल तर ड्रायव्हरने डिव्हाइस एनेबलच केलेलं नाही, आणि एममॅपचा कोड निर्दोष आहे. सिगबस आला तर मॅपिंग आहे पण फॉल्ट हँडलरने किंवा हार्डवेअरने नकार दिला. सिगसेगव्ह आला तर परवानगी नाही किंवा तिथे मॅपिंगच नाही. जुनीच किंमत पुन्हा पुन्हा दिसते तेव्हा संशय कॅशिंगवर. आणि काही मिनिटांनी दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोसेसमध्ये "बॅड पेज स्टेट" किंवा "बॅड पेज मॅप" असा संदेश डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) उमटला, तर पेज मॅप असतानाच सोडून दिलं गेलंय किंवा त्याची मोजणी बिघडली आहे. यातलं सगळ्यात वाईट हेच.

ड्रायव्हरला दोष देण्याआधी चाचणी प्रोग्रामकडेही एक नजर टाका. रजिस्टर वाचणारा पॉइंटर व्होलाटाइल नसेल तर कंपायलर लूपमधलं वाचन बाहेर काढतो आणि किंमत "अडकलेली" दिसते. तसंच मेमकॉपीने रजिस्टरं उचलू नका. एडूमध्ये हेक्स ८० च्या खालचे पत्ते फक्त ४ बाइटांनीच वाचता येतात; मेमकॉपी ८ किंवा १६ बाइटांची उडी मारते आणि हाती कचरा येतो.

मग प्रोक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसची एसमॅप्स फाइल उघडून "व्हीएमफ्लॅग्स" ची ओळ वाचा. "पीएफ" म्हणजे नुसत्या फ्रेम नंबरांवर (भौतिक पेजच्या क्रमांकांवर) उभं मॅपिंग, "आयओ" म्हणजे डिव्हाइसची जागा, "एमएम" म्हणजे मिश्र, "डीई" म्हणजे वाढवायला बंदी, "एसएच" म्हणजे शेअर्ड. ड्रायव्हरने काय करायचं ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, यातला फरक बऱ्याचदा इथेच कळतो.

२. मेमरी कुठून आली ते शोधा

पहिला खरा प्रश्न हाच. मॅप करण्यासाठी एकच सर्वगुणी फंक्शन नाही. मेमरी ज्या दुकानातून आणली, त्या दुकानाचंच फंक्शन वापरायचं. प्रोब फंक्शनमध्ये जा आणि वाटप कुठे झालंय ती ओळ शोधा.

डिव्हाइसची रजिस्टरं असतील तर व्हीएम_आयओमॅप_मेमरी. तिला बारचा (पीसीआय डिव्हाइसच्या रजिस्टर-जागेचा) भौतिक पत्ता आणि लांबी द्यायची, म्हणजे पीसीआय_रिसोर्स_स्टार्ट आणि पीसीआय_रिसोर्स_लेन. नवशिक्यांचा हमखास सापळा असा: आयओरिमॅपने मिळालेला पॉइंटर हाताशी असतो, म्हणून त्यालाच वर्च_टू_फिज लावतात. आयओरिमॅपचा पत्ता कर्नलच्या सरळ मॅपिंगमधला नाही, त्यामुळे उत्तर साफ खोटं येतं, आणि तेही गुपचूप. डीबग_व्हर्च्युअल चालू असेल तर कर्नल तिथल्या तिथे ओरडतो. तो पर्याय यादीत आहे तो यासाठीच.

व्हीमॅलॉकच्या मेमरीचंही तेच. तिची पेजेस भौतिक मेमरीत विखुरलेली असतात. पहिल्या पेजचा फ्रेम नंबर काढून पूर्ण लांबी रिमॅप_पीएफएन_रेंजने मॅप केली, तर पहिलं पेज आपलं आणि बाकीची शेजाऱ्याची. एक पेज मागून चाचणी केली की सगळं ठीक दिसतं, दोन पेज मागितली की बिघडतं. हे लक्षण दिसलं की थेट व्हीमॅलॉककडे बोट दाखवा. उपाय म्हणजे वाटप व्हीमॅलॉक_युजरने करायचं, ते पेजेस शून्य करून देतं, आणि मॅपिंग रिमॅप_व्हीमॅलॉक_रेंजने.

डीएमए_अलॉक_कोहेरंटचा (डिव्हाइस स्वतः ज्यात वाचतं-लिहितं तो) बफर असेल तर डीएमए_एममॅप_कोहेरंट, दुसरं काही नाही. डीएमए पत्ता म्हणजे भौतिक पत्ता नव्हे. मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर डिव्हाइसला दिसणारा पत्ता आणि रॅममधला पत्ता यांचा संबंध फक्त त्यालाच ठाऊक. आयओएमएमयू बंद असलेल्या मशीनवर डीएमए पत्ता १२ बिट सरकवून फ्रेम नंबर म्हणून वापरलेला कोड वर्षानुवर्षं चालतो आणि एके दिवशी दुसऱ्या मशीनवर कोसळतो. इथे आणखी एक खाच आहे. हे फंक्शन व्हीएम_पीजीऑफ (एममॅपच्या कॉलमधला ऑफसेट, पेजमध्ये मोजलेला) हा बफरच्या आतला ऑफसेट समजतं. तुमचा ड्रायव्हर तोच आकडा "कितवा बफर" हे सांगायला वापरत असेल, तर कॉलच्या आधी तो शून्य करावा लागतो, नाहीतर ईएनएक्सआयओ परत येतं.

सुट्या पेजेसची (अलॉक_पेज) बाब व्हीएम_इन्सर्ट_पेजने सोडवा. पेजची मोजणी ती स्वतः वाढवते. मात्र अलॉक_पेजेसने एकदम चार-आठ पेजेस घेतली असतील तर पहिल्यानंतरच्या पेजेसची मोजणी शून्य असते आणि दुसऱ्याच पेजला ईआयएनव्हीएएल येतं. वाटपानंतर स्प्लिट_पेज करा, किंवा वाटप करतानाच कंपाउंडचा फ्लॅग द्या. शून्य करण्याचा फ्लॅगही द्याच. न दिल्यास दुसऱ्याचा जुना डेटा तुमच्या वापरकर्त्याला वाचता येतो.

केमॅलॉकचा बफर मॅप करू नका. तो पेजच्या सीमेवर सुरू होईल किंवा संपेल याची खात्री नसते, आणि मॅपिंग तर पूर्ण पेजचंच होतं. १००० बाइटांचा बफर दिला तर त्याच पेजच्या उरलेल्या भागात कर्नलच्या दुसऱ्या कोणाच्या वस्तू असू शकतात, आणि त्या आता वापरकर्त्याच्या हाती. वाटपच बदला.

रिमॅप_पीएफएन_रेंज वापरायचीच झाली तर तिसरा पॅरामीटर पुन्हा वाचा. तिथे पत्ता नाही, फ्रेम नंबर लागतो, म्हणजे भौतिक पत्ता पेज_शिफ्टने उजवीकडे सरकवून. सरकवायचं राहून गेलं तरी कंपायलर काही बोलत नाही, दोन्ही अनसाइन्ड लाँगच.

३. हद्द मोजा, आणि पेजमध्येच मोजा

रिमॅप_पीएफएन_रेंज हद्द तपासत नाही. तुम्ही सांगाल तेवढं ती मॅप करते. म्हणून जुन्या ड्रायव्हरांत ही ओळ दिसते: ऑफसेट अधिक आकार लांबीपेक्षा मोठा असेल तर ईआयएनव्हीएएल. वाचायला बरोबर, पण फसवी.

३२ बिटांवर हिशेब मांडून बघा. वापरकर्त्याने व्हीएम_पीजीऑफ दिला हेक्स एफएफएफएफएफ. १२ बिट सरकवल्यावर ऑफसेट झाला एफएफएफएफएफ०००. त्यात २ पेजेस, म्हणजे ८१९२ मिळवा. बेरीज ३२ बिटांत मावत नाही, वरचा बिट गळतो आणि उरतात ४०९६. बारची लांबी १ एमबी. ४०९६ त्याहून लहानच, म्हणून तपासणी पास. आता बारच्या सुरुवातीच्या पत्त्यात तोच ऑफसेट मिळवला की उत्तर येतं सुरुवातीच्या बरोबर एक पेज आधीचं. तिथे जे असेल ते वापरकर्त्याचं झालं.

हा कल्पनेतला धोका नाही. फ्रेमबफरच्या एफबी_एममॅपमध्ये बेरजेच्या अशाच ओव्हरफ्लोमुळे पूर्ण कर्नल मेमरी वाचता-लिहिता येत होती. सीव्हीई-२०१३-२५९६ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. व्हीएम_आयओमॅप_मेमरी त्याच वर्षी, ३.९ मध्ये आली, ती हा हिशेब प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः मांडू नये म्हणूनच. २०१८ पासून कर्नलच्या गाभ्यातही एक चाळण आहे, ती असे ऑफसेट ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधीच ईओव्हरफ्लो देऊन परतवते. पण बारच्या लांबीबाहेरचा साधा ऑफसेट ती अडवत नाही. ते काम तुमचंच.

स्वतः तपासायचं असेल तर बेरीज करायचीच नाही, वजाबाकी करायची (व्हीएमए म्हणजे मागितलेल्या मॅपिंगची कर्नलमधली नोंद):

एकूण = लांबी पेजपर्यंत वर नेऊन, पेजेसमध्ये
मागणी = व्हीएमए_पेजेस(व्हीएमए)
जर व्हीएम_पीजीऑफ > एकूण, तर उणे ईआयएनव्हीएएल
जर मागणी > एकूण − व्हीएम_पीजीऑफ, तर उणे ईआयएनव्हीएएल

पहिल्या अटीमुळे दुसरीतली वजाबाकी शून्याखाली जात नाही. क्रम उलटा केला तर तपासणी पुन्हा निकामी. आणि ४०९६ हा आकडा कोडमध्ये कुठेही लिहू नका. एआरएम६४ वर पेज १६ किंवा ६४ केबीचंही असतं.

पेजहून लहान बारकडे वेगळं लक्ष द्या. २५६ बाइटांचा बार पेजच्या मध्यावर बसलेला असू शकतो. मॅपिंग पेजचंच होणार, त्यामुळे वापरकर्त्याला मिळालेल्या पॉइंटरमध्ये पेजच्या आतला ऑफसेट त्यानेच मिळवावा लागतो. "रजिस्टर चुकीचं दिसतं" ही तक्रार कित्येकदा एवढ्यावरच मिटते. शिवाय त्याच पेजमध्ये शेजारच्या डिव्हाइसची रजिस्टरं असली तर तीही उघडी पडतात. असा बार मॅप न करता आयओसीटीएलमागे ठेवणं शहाणपणाचं.

४. कॅशिंग

रजिस्टरांसाठी व्हीएम_पेज_प्रॉट वर पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड लावा, फ्रेमबफरसारख्या सलग लिहिण्याच्या जागेसाठी पीजीप्रॉट_राइटकंबाइन. व्हीएम_आयओमॅप_मेमरी हे तुमच्यासाठी करत नाही. तिला बोलावण्याआधी तुम्ही करायचं. एक्स८६ वर विसरलात तरी बहुधा निभावतं, कारण तिथे डिव्हाइसच्या जागेला एमटीआरआर (कुठली जागा कॅश करायची ते ठरवणारी प्रोसेसरची सोय) आधीच अनकॅश्ड ठरवतो. एआरएमवर तोच कोड शिळ्या किंमती देतो. "इंटेलवर चालतं, बोर्डवर नाही" असं ऐकलं की आधी ही ओळ शोधा.

एक्स८६ वर डीमेसेजमध्ये पीएटीचा (पेजगणिक कॅशिंग ठरवणाऱ्या सोयीचा) "एक्सपेक्टेड मॅपिंग टाइप" असा संदेश दिसला, तर एकाच जागेची दोन मॅपिंग दोन प्रकारची मागितली गेली आहेत. कोणती कुठली ते डीबगएफएसमधली पीएटी_मेमटाइप_लिस्ट सांगते.

उलट साध्या रॅमला नॉनकॅश्ड लावू नका. तीच पेजेस कर्नलकडे कॅश्ड मॅपिंगने असतात, आणि एआरएमवर असा दुजाभाव डेटा बिघडवतो.

५. परवानग्या आणि प्रायव्हेट मॅपिंग

फक्त वाचायला द्यायचंय म्हणून एममॅपमध्ये व्हीएम_राइट असल्यास नकार दिला, एवढ्यावर बरेच जण थांबतात. वापरकर्ता वाचनाचं मॅपिंग घेतो आणि लगेच एमप्रोटेक्टने लिहिण्याची परवानगी लावून घेतो. व्हीएम_मेराइट सुद्धा काढावा लागतो. ६.३ पासून व्हीएम_फ्लॅग्सवर थेट लिहिता येत नाही, व्हीएम_फ्लॅग्स_क्लिअर वापरा. जुन्या ड्रायव्हरचा पॅच नव्या कर्नलवर बांधला जात नसेल तर पहिली चूक बहुधा याच ओळीवर येते.

प्रायव्हेट मॅपिंगमध्ये लिहिलेलं डिव्हाइसपर्यंत पोचत नाही, प्रोग्रामच्या स्वतःच्या प्रतीत जातं. म्हणून ते नाकारायचं. पण नुसतं "व्हीएम_शेअर्ड नसेल तर नकार" लिहिलंत तर एक निष्पाप बळी जातो: फाइल फक्त वाचनासाठी उघडून शेअर्ड मॅपिंग मागितलं तर कर्नल व्हीएम_शेअर्ड आणि व्हीएम_मेराइट दोन्ही आधीच काढून घेतो. बरोबर अट अशी: या दोन फ्लॅगांपैकी फक्त मेराइट उभा असेल तेव्हाच ईआयएनव्हीएएल.

६. मॅपिंगचं आयुष्य

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिमॅप_पीएफएन_रेंज पेजची मोजणी वाढवत नाही. ड्रायव्हरने बफर सोडला की पेजेस मोकळी होतात, दुसऱ्या कोणाला मिळतात, आणि जुन्या प्रोग्रामकडे त्यांची चावी तशीच राहते.

रिलीज फंक्शनमध्ये बफर सोडला तर हा प्रश्न येत नाही, कारण मॅपिंग फाइलला धरून ठेवतं. फाइल क्लोज केली तरी मॅपिंग असेपर्यंत रिलीज होत नाही. भोक असतं ते आयओसीटीएलमध्ये: "बफर लहान कर", "बफर सोड", "फॉरमॅट बदल". तिथे मॅपिंगची मोजणी बघून ईबिझी द्यायला हवं.

मोजणी ठेवायची व्हीएम_ऑप्समधल्या ओपन आणि क्लोजमध्ये, आणि त्यातला सापळा प्रसिद्ध आहे. पहिल्या एममॅपच्या वेळी कर्नल ओपन बोलावत नाही. फोर्क झाल्यावर बोलावतो, मॅपिंगच्या मधलंच एक पेज अनमॅप करून तुकडे पडले तरी बोलावतो. क्लोज मात्र प्रत्येक तुकड्यासाठी येतो. म्हणून एममॅपच्या शेवटी पहिली वाढ स्वतः करा. ती राहिली तर मोजणी एकाने मागे राहते, पहिल्याच अनमॅपला उणे एक होते किंवा बफर एक मॅपिंग शिल्लक असतानाच सुटतो.

फॉल्ट हँडलर लिहिला असेल तर दोन गोष्टी. पेज परत देताना गेट_पेज हवंच. नसेल तर दर अनमॅपला मोजणी एकाने घटते आणि ड्रायव्हरच्या हातातलं पेज निसटतं. दुसरं, हद्द हँडलरमध्येही तपासा. एममॅपच्या वेळी ४ पेजेस मागून वापरकर्ता नंतर एमरिमॅपने ती ४०० करू शकतो, आणि तेव्हा तुमचं एममॅप फंक्शन पुन्हा चालत नाही. रिमॅप_पीएफएन_रेंज व्हीएम_डोंटएक्स्पांड स्वतः लावते, व्हीएम_इन्सर्ट_पेज आणि फॉल्टचा मार्ग लावत नाहीत. तुम्ही लावा.

डिव्हाइस चालू असतानाच उपटलं जाऊ शकत असेल तर रिमूव्हमध्ये अनमॅप_मॅपिंग_रेंज बोलावून पेज टेबलातल्या नोंदी काढा. पुढचा स्पर्श सिगबसवर जातो, आणि ते योग्यच आहे.

केएसॅनवर इथे विसंबू नका. तो कर्नलच्या कोडची वाचनं-लेखनं तपासतो. वापरकर्त्याने मॅपिंगमधून सोडलेल्या पेजवर लिहिलं तर त्याला पत्ताही लागत नाही. ते पकडतं पेज पॉयझनिंग: मोकळ्या पेजमध्ये सगळीकडे हेक्स एए भरलेलं असतं, आणि पेज पुन्हा वाटताना ते तसंच नसलं तर "पेजअलॉक: मेमरी करप्शन" असा संदेश येतो.

७. लॉक

एममॅप फंक्शन चालतं तेव्हा एममॅप_लॉक आधीच घेतलेलं असतं. त्यात तुम्ही ड्रायव्हरचं म्युटेक्स घेता. दुसरीकडे आयओसीटीएलमध्ये तेच म्युटेक्स धरून कॉपी_टू_युजर केलं आणि तिथे पेज फॉल्ट आला, तर तो एममॅप_लॉक मागतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. प्रूव्ह_लॉकिंग चालू असेल तर प्रत्यक्ष न अडकताही "सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी" चा इशारा मिळतो. कॉपी म्युटेक्सच्या बाहेर न्या.

८. चाचणी

एडूवर बार ० पूर्ण मॅप करा: १ एमबी, म्हणजे ४ केबीची २५६ पेजेस. ऑफसेट ४ वर हेक्स १२३४५६७८ लिहा आणि तिथूनच वाचा. डिव्हाइस प्रत्येक बिट उलटा करून देतं, म्हणून ईडीसीबीए९८७ यायला हवं. लिहिलेलंच परत आलं तर तुम्ही रजिस्टर नाही, रॅम मॅप केली आहे.

मग कडा तपासा. २५६ पेजेस: यश. २५७: ईआयएनव्हीएएल. ऑफसेट २५५ व्या पेजवर आणि एक पेज: यश, तिथूनच दोन पेजेस: नकार. ऑफसेट २५६: नकार. एमरिमॅपने वाढवून बघा, ईफॉल्ट यायला हवं. वाचनाचं मॅपिंग असेल तर फाइल वाचन-लेखनासाठी उघडून एमप्रोटेक्ट करा. नुसत्या वाचनासाठी उघडलीत तर कर्नलच नकार देतो आणि तुमच्या कोडची परीक्षाच होत नाही. फोर्क करा, मुलाला आधी मारा, पालकाने वाचत राहावं. मधलं एकच पेज अनमॅप करा आणि मग बफर सोडणारं आयओसीटीएल मारा: ईबिझी. हे सगळं लूपमध्ये काही हजार वेळा, आणि शेवटी मोजणी शून्यावर आली का ते बघा.

जीडीबीतून ही जागा वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. डिव्हाइसच्या मॅपिंगमध्ये डीबगरला तसं शिरता येत नाही. हवंच असेल तर व्हीएम_ऑप्सच्या ॲक्सेसला जेनेरिक_ॲक्सेस_फिज जोडा. त्याच कारणाने या जागेत ओ_डायरेक्टने (कॅश टाळून) फाइल वाचायला गेलात तर ईफॉल्ट येतं. हा तुमचा बग नव्हे.

९. पॅच

एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. हद्दीची तपासणी आणि मोजणीची चूक दोन्ही सापडल्या तर दोन पॅच, कारण जुन्या कर्नलांत त्या वेगवेगळ्या आवृत्त्यांपर्यंत न्याव्या लागतात. ज्या कमिटने चूक आणली तिच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक "फिक्सेस" च्या ओळीत द्या. ती कमिट गिट ब्लेमने सापडते, नाही सापडली तर गिट बायसेक्ट. स्टेबलची सीसी ओळ घाला. चेकपॅच चालवा, गेट_मेंटेनर कोणाला पाठवायचं ते सांगेल. संदेशात लक्षण, कारण आणि ते घडवून आणणारा एममॅपचा कॉल आकड्यांसह लिहा. मात्र साध्या वापरकर्त्याला कर्नल मेमरी वाचता येत असेल, तर सार्वजनिक यादीवर टाकण्याआधी तो पॅच कर्नलच्या सुरक्षा पथकाकडे खासगीत पाठवा.